पैलवान पसरणीत का बसला?

डिसेंबर २०२२ मधला एक रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या पाच जणांतला सगळ्यांत दणकट गडी वाई-पाचगणीच्या पसरणी घाटाच्या चौथ्या किलोमीटरला सायकलवरून उतरला, कठड्यावर बसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मला नाही जमायचं." वय चौतीस, लहानपणी तीन वर्षं तालमीत घालवलेली, म्हणून आम्ही त्याला पैलवान म्हणतो. एरवी वारा समोरून आला की तो पुढे आणि आम्ही त्याच्या आडोशाला, असा आमचा क्रम. तो बसला याचं आश्चर्य होतंच. त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे आमच्यातले वडीलधारे काका थांबून "अरे, पाणी पी" म्हणाले, तर तो त्यांच्यावर खेकसला, "तुम्ही जा हो!" काकांशी असं बोलताना त्याला आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्याची पाच जणांनी पाच कारणं सांगितली आणि खरं कारण त्यात नव्हतं. होतं, पण कारण म्हणून नव्हतं. ते कसं, ते पुढे येईल.

आधी रीत सांगतो. रविवारच्या राइडचा वृत्तांत आम्ही मंगळवारी संध्याकाळी अमृततुल्यात बसून सांगतो. प्रत्येकाने आपली राइड पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, दुरुस्त्या चहाच्या दुसऱ्या फेरीला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सवय म्हणून वहीत टिपून घेतो: कोण कुठे थांबलं, काय खाल्लं, कुणाचं काय दुखलं. बाकीचे या वहीची थट्टा करतात. या वेळी ती कामाला आली, आणि माझ्याच विरुद्ध आली.

त्या दिवशीचा बेत स्वारगेट ते पाचगणी आणि परत, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. जानेवारीत आम्हाला दोनशेची बीआरएम करायची होती, तिची ही रंगीत तालीम. बीआरएम माहीत नसलेल्यांसाठी: ही शर्यत नव्हे. १९०४ साली स्थापन झालेला पॅरिसचा ओदॅक्स क्लब या लांब पल्ल्याच्या राइडचे नियम ठरवतो. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. पहिल्या आणि शेवटच्या येणाऱ्याचा मान सारखाच. मागे गाडी आणायची नाही. मदत घ्यायची तर ठरलेल्या ठाण्यावर, एरवी पंक्चर आपणच आपसात काढायचं. हा शेवटचा नियम आम्ही तालमीतही पाळत होतो, आणि प्रकरणाची गाठ नेमकी तिथेच बसली.

पहाटे साडेचारला निघालो. जुन्या कात्रज घाटाने वर, जुन्या बोगद्यातून पलीकडे, शिंदेवाडीला हायवे, खेड शिवापूर. थंडी चांगलीच होती, बोटं आखडली होती. कापूरहोळच्या अलीकडे, अजून पुरतं उजाडलं नव्हतं तेव्हा पैलवानाचं मागचं चाक बसलं. टायरमधून केसाएवढी बारीक पोलादी तार निघाली. ट्रकचे टायर फुटले की आतल्या तारांचे असे तुकडे रस्त्याच्या कडेला साठतात, आणि सायकलवाला बिचारा कडेनेच जातो. ट्यूब बदलून चाक पुन्हा बसवलं. पाऊण तासात सारोळ्याचा नीरेचा पूल ओलांडून शिरवळला पोचलो, मिसळ खाल्ली. खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो, पावणेदहाला वाईत. चहा घेऊन पसरणी घाटाला लागलो. त्यानंतर कठडा.

काकांनी गूळ-शेंगदाणे काढले, आमच्यातल्या डॉक्टरांनी मिठासाखरेच्या पाण्याची पुडी बाटलीत ओतली, धाकटीने खजूर दिले. एक वानर दहा फुटांवर येऊन बसलं होतं, त्याचं लक्ष फक्त खजुरांकडे. पैलवानाचे हात थरथरत होते, कपाळावर गार घाम होता आणि नजर कुठेतरी दरीत. वीस मिनिटांनी तो वानराकडे बघून म्हणाला, "याला द्या एक, नाहीतर हा माझ्या अंगावर येईल." तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. पण चढायची त्याची इच्छा उरली नव्हती. तो उताराने वाईला परतला आणि टेंपोत सायकल टाकून पुण्याला आला. आम्ही चौघांनी राइड पुरी केली. आनंद मात्र अर्धाच.

आता मंगळवार.

काका म्हणाले, जागरण. एकसष्ट वर्षांचे आहेत, बँकेतून निवृत्त. त्यांच्या वृत्तांतात रविवारची राइड कमी आणि त्यांचं लहानपण जास्त असतं. मुंबई-पुणे शर्यत बघायला वडिलांबरोबर बोरघाटात जाऊन बसायचे, घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे, ते राजे आदल्या दिवशी आठला झोपायचे, वगैरे. पैलवान मात्र आदल्या रात्री मावसभावाच्या लग्नात होता, बाराला झोपला आणि साडेतीनला उठला. "शरीराला फसवता येत नाही," काका म्हणाले, आणि त्यांच्यापुरता निकाल लागला.

डॉक्टर म्हणाल्या, मीठ. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, पण सायकलवर बसल्या की सगळ्या शरीराची जबाबदारी घेतात. त्यांचं म्हणणं, थंडीत घाम कळत नाही पण जातो, आणि नुसतं साधं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. पैलवान चिडला, म्हणजे मेंदूपर्यंत गेलं होतं.

धाकटी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, गिअर. "दादाच्या सायकलला मागे सगळ्यांत मोठी चकती अठ्ठावीस दात्यांची. माझ्या सायकलला चौतीस. घाटात तो पाय मारत नव्हता, पाय ओढत होता." मग ती हसली. "आणि वाईपर्यंत त्याच्या मागे एक चिमणी चिवचिवत होती. मी म्हटलं, पैलवान शीळ घालत चाललाय की काय."

हे वाक्य मी वहीत लिहिलं, पुढे कंसात 'विनोद' असंही लिहिलं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, खाणं. शिरवळला त्याने मिसळ नाकारली होती, लग्नातलं जेवण अजून छातीशी आहे म्हणाला. पहाटेपासून पोटात एक केळं, दोन बिस्किटं आणि दोन चहा. हा उघडउघड बाँक आहे, म्हणजे अंगातली साखर संपणं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते, म्हणजे जेमतेम दोन हजार कॅलरी, आणि ती संपत आली की थरकाप, घाम, चिडचिड, सगळं एकदम येतं. सहा तास सायकल चालवायची तर ताशी निदान तीस ते साठ ग्रॅम पिष्ट पोटात जायलाच हवं. हे मी शिक्षकी थाटात, फळ्यासमोर उभं असल्यासारखं सांगितलं.

आणि पैलवान? तो म्हणाला, "घाटाने मारलं. चेनला तेल नव्हतं, चिरचिर करत होती, पण त्याने काय होतंय? घाटाने मारलं." काही झालं की चेनला तेल, ही पुणेरी सायकलवाल्याची जुनी श्रद्धा आहे.

चहाची दुसरी फेरी झाली. माझं म्हणणं सगळ्यांना पटलं, मीही खूश होतो. प्रकरण मिटलं.

गुरुवारी संध्याकाळी पैलवानाचा फोन आला. "सर, जरा गल्लीतल्या मिस्त्रीकडे या." आवाज विचित्र होता, चिडलेला नव्हता, पण हसूही नव्हतं.

तो चेनला तेल घालायला गेला होता. मिस्त्रीने सवयीप्रमाणे सीट धरून मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. चाक दीड फेरा फिरलं आणि थांबलं. मिस्त्री म्हणाला, "चाक कुणी बसवलं हे?"

मी गेलो तेव्हा सायकल हुकाला टांगलेली होती. मिस्त्रीने काही न बोलता डावीकडचा ब्रेकचा गट्टू काढून माझ्या तळहातावर ठेवला. नवा गट्टू काळा, निस्तेज असतो, त्यावर आडव्या खाचा असतात. याच्या वरच्या अर्ध्या भागातल्या खाचा गेल्या होत्या. तो भाग तिरका झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला होता, खालचा अर्धा जसाच्या तसा. उजवा गट्टू बिलकूल ठीक होता. रिमच्या डाव्या अंगाला पूर्ण वर्तुळभर एक काळसर रेघ उमटली होती, पेन्सिलीने गोल काढल्यासारखी. फ्रेमच्या ज्या दांड्या चाकाला धरतात, त्यांच्या आतल्या बाजूला राखाडी भुकटी चिकटली होती. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं.

चाकाचा आस ज्या खाचेत बसतो, तिथे तो एका बाजूला पूर्ण टेकला नव्हता. मिलिमीटरभराचीच गोष्ट असेल. पण आसाजवळ मिलिमीटर कलला की वर रिमजवळ चाक ब्रेकला जाऊन भिडतं. मिस्त्रीने चाकाची कळ सैल केली, सायकल जमिनीवर उभी केली, सीटवर तळहात ठेवून दाबली. 'टक्' असा बारीक आवाज झाला. कळ पुन्हा आवळली, चाक उचलून फिरवलं. ते फिरतच राहिलं. मी फेरे मोजायला लागलो आणि चाळिसाला सोडून दिलं.

चाक मी बसवलं होतं. कापूरहोळला, अंधुक उजेडात, सायकल उलटी करून. "सर, तुम्हीच बसवा, तुम्ही फिजिक्सवाले," असं पैलवान म्हणाला होता आणि मला ते आवडलं होतं. उलट्या सायकलीवर आसावर सायकलचं वजन येत नाही, चाक खाचेत पुरतं बसलं नाही तरी कळत नाही, म्हणून शेवटचं आवळणं सायकल उभी करूनच करायचं. हे मला ठाऊक होतं. बोटं गारठली होती, सगळे मिसळीच्या ओढीने उभे होते, मी कळ आवळली आणि चाक फिरवूनही न बघता "चला" म्हणालो.

त्या रात्री वही काढली. धाकटीची चिमणी. पैलवानाची चिरचिरणारी चेन. डॉक्टरांच्या वृत्तांतात, खंबाटकीच्या आधी, "कुणाच्या तरी सायकलचा आवाज डोक्यात जात होता म्हणून मी पुढे निघून गेले". तिघांनी एकच गोष्ट ऐकली होती. तिघांनी ती आपापल्या राइडमधली बारीकशी गंमत किंवा कटकट म्हणून सांगितली आणि मी ती तशीच लिहून घेतली. चाकाचा घेर २.१ मीटर धरा. ताशी २२ किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास तीन फेरे घेतं. रिमचा जो भाग किंचित बाहेर होता तो दर फेऱ्याला गट्टूवर जोरात घासायचा, म्हणून सेकंदाला तीनदा चिव. अगदी चिमणी.

पण घासलं म्हणजे किती घासलं? नुसती हळहळ करण्यापेक्षा मोजलेलं बरं. शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेतला तानकाटा सही करून घरी आणला. मिस्त्रीने तो झिजलेला गट्टू परत लावून दिला आणि चाक आठवणीने तसंच वाकडं बसवलं (हे करताना तो मनापासून हसत होता). रिमला दोरी गुंडाळून तानकाट्याने हळूहळू ओढलं. फेऱ्यात काटा ३ पासून ६ न्यूटनपर्यंत हलत होता. सरासरी साडेचार-पाच धरू. म्हणजे टायरला मागून कुणीतरी अर्धा किलोचं वजन अखंड टांगून ठेवल्यासारखं.

सपाट रस्त्यावर ताशी २२ म्हणजे सेकंदाला सहा मीटर. पाच न्यूटन गुणिले सहा मीटर, तीस वॉट. त्या वेगाला पैलवानासारख्या माणसाला एरवी शंभर-एक वॉट पुरतात. तो कापूरहोळपासून वाईपर्यंत, जवळजवळ पन्नास किलोमीटर, एकशेतीस वॉट घालत होता आणि शंभराच्याच वेगाने चालला होता. कमी ताकदीचा माणूस मागे पडला असता आणि आम्ही विचारलं असतं, काय झालं? पैलवान मागे पडला नाही. तो नेहमीसारखा पुढेच राहिला, वारा कापत. त्याच्या स्ट्राव्हा ॲपवरच्या नोंदीत हे लख्ख दिसतं, फक्त कुणी बघितलं नव्हतं: पंक्चरच्या आधी सपाटीला हृदयाचे ठोके १३८ च्या आसपास, नंतर तशाच रस्त्याला, त्याच वेगाला, १५५ च्या वर.

गंमत पुढे आहे. घाटात त्याचा वेग ताशी आठ, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. तिथे तोच गट्टू फक्त अकरा वॉट खात होता. चढ स्वतःच सव्वाशेच्या आसपास वॉट मागतो, त्यात हे अकरा फारसे कळणार नाहीत. म्हणजे तो बसला घाटात, पण त्याला लुटलं सपाटीने. वाईपासून वर बारा किलोमीटर, सरासरी चढ पाच टक्क्यांच्या जवळपास. पसरणी काही राक्षसी घाट नव्हे आणि पैलवानाला नवाही नव्हता.

इथे माझा मोह असा होता की सगळं पाप त्या गट्टूवर टाकावं. कबुलीजबाबातही एक ऐट असते. पण हिशेब पुरा केला. तीस वॉट, सव्वादोन तास. शरीर अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा भागच पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. त्यामुळे जादा खर्च आला साधारण अडीचशे कॅलरी. म्हणजे एक वडापाव, तोही धड मोठा नव्हे. एका वडापावाने पैलवान आडवा होतो का?

एकट्याने नाही. पण जोर वाढला की शरीर चरबी कमी आणि साखर जास्त जाळतं, म्हणून साखरेची थैली त्या अडीचशेच्या मानाने जास्त वेगाने रिकामी होत होती. थैली मुळात भरलेली नव्हती, कारण झोप साडेतीन तास आणि पोटात एक केळं. काकांचं जागरण खरं होतं, माझं खाणं खरं होतं. गट्टू नसता तर तो बहुधा पाचगणीला कुरकुरत पोचला असता. मिसळ खाल्ली असती तर गट्टूसकट पोचला असता, आणि मग गट्टू कुणाच्या लक्षात आला असता का, सांगता येत नाही. डॉक्टरांचं मीठ मात्र मी बाद धरतो. सहा तासांत त्याने अडीच बाटल्या पाणी प्यायलं, ते फारसं जास्त नाही. डोकं दुखत नव्हतं, बोटं सुजली नव्हती, आणि गूळ-खजूर पोटात गेल्यावर वीस मिनिटांत माणूस वानराशी बोलायला लागला. डॉक्टर अजून म्हणतात, त्या पुडीत मीठही होतं. तेही खरंच आहे. गिअरचा हिशेब तर सरळ आहे: पुढे चौतीस, मागे अठ्ठावीस, मिनिटाला साठ पॅडल म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. पाच टक्क्यांच्या घाटाला चालण्यासारखा गिअर आहे. पण आठवरून खाली आलं की मग धाकटी म्हणते तसं ओढणंच. ते कारण नव्हतं, परिणाम होता.

पुढच्या मंगळवारी माझी पाळी आली तेव्हा मी वृत्तांत असाच, आकड्यांसकट सांगितला. तानकाटा दाखवला. तो झिजलेला गट्टू टेबलावर बशीत ठेवला. अमृततुल्यातल्या पोऱ्याने ती बशी दोनदा उचलून नेली. पैलवान रागावला नाही. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "सर, टेंपोचे सातशे रुपये झाले," आणि ते मी दिले. काकांची माफी त्याने भर सभेत मागितली. काका म्हणाले, "अरे, मला तर तू काय बोललास ते ऐकूच आलं नव्हतं. मला वाटलं, जा म्हणालास."

यावर सगळे हसले, धाकटी सोडून. तिने वही माझ्याकडून ओढून घेतली आणि पानं उलटली. "काकांच्या वृत्तांतात आवाज नाही," ती म्हणाली. काका तर पैलवानाच्या मागून दहा फुटांवरून वाईपर्यंत आले होते, तिच्याहूनही जवळून. "काका, चिमणी ऐकलीत ना तुम्ही?"

"कसली चिमणी?"

शनिवारी मोजमाप करताना मी मोबाइलवर आवाज टिपला होता. तो लावला. चिव, चिव, चिव. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कपाळाला आठ्या घालून आमच्याकडे बघितलं. काकांनी मोबाइल हातात घेतला, कानाला लावला, उलटा करून बघितला. "चालू आहे का?"

वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलणं बरंचसं कळतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आम्ही मात्र दोन वर्षं "काका, मागून ट्रक!" असं ओरडत होतो आणि समजत होतो की काका हट्टी आहेत, रस्ता सोडत नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ तिथल्या तिथे घेतली. काका आढेवेढे घेत होते. "मी फोनवर बोलतो की व्यवस्थित." पण गेले.

जानेवारीची बीआरएम आम्ही पाचही जणांनी वेळेत पुरी केली, पैलवान आमच्या बऱ्याच आधी. वाटेत माझंच पंक्चर झालं. पैलवानाने माझ्या हातातून चाक काढून घेतलं, स्वतः बसवलं, सायकल उभी करून सीट दाबली आणि मला खूण केली. मी मुकाट्याने चाक उचलून फिरवलं. पाच जण रस्त्याच्या कडेला उभे राहून एक चाक थांबायची वाट बघतायत, हे बघून एक दूधवालाही थांबला होता.

त्यानंतरच्या मंगळवारी काका कानात नवं यंत्र घालून आले. सगळ्यांनी विचारलं, कसं वाटतंय? काका खुर्चीत बसले, चहा मागवला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "माझ्या सायकलच्या पॅडलचा आस केवढा वाजतो रे! इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही?"

आम्ही दर आठवड्याला सांगत होतो.